डॉ. आनंदीबाई जोशी यांचा वैद्यकीय प्रबंध आणि मराठी चरित्रदृष्टी : एक चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राची एम.डी. ही पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेने त्यांना ही पदवी प्रदान केली. कल्याण येथील बालपण, नवव्या वर्षी झालेला विवाह, गोपाळराव जोशी यांचा शिक्षणविषयक हट्ट, समुद्रपर्यटन, परदेशातील कष्ट, क्षयरोग आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झालेला अकाली अंत हा जीवनक्रम मराठी वाचकाला शालेय वयापासून परिचित आहे. चरित्र, कादंबरी, नाटक, मालिका आणि चित्रपट अशा सर्व माध्यमांतून तो पुन्हा पुन्हा सांगितला गेला आहे.

मात्र ज्या पदवीमुळे हे जीवन इतिहासाचा विषय झाले, त्या पदवीसाठी आनंदीबाईंनी लिहिलेला प्रबंध मराठी समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आला. 'ऑब्स्टेट्रिक्स अमंग द आर्यन हिंदूज', म्हणजे आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, हा त्या प्रबंधाचा विषय होता. त्याचे शीर्षक चरित्रांतून एखाद्या वाक्यात येते आणि कथन लगेच पदवीदान समारंभाकडे वळते. एका संशोधक विद्यार्थिनीचे लेखन बाजूला राहून तिचे दुःख, धैर्य व मृत्यू एवढेच स्मरणात राहावे, ही बाब केवळ तपशिलाची उणीव म्हणून सोडून देण्याजोगी नाही. स्त्रीच्या बौद्धिक कार्याकडे पाहण्याच्या आपल्या सवयीशी तिचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या प्रबंधाचे स्वरूप, त्याच्या विषयनिवडीचा अर्थ, त्याची साधने व मर्यादा आणि चरित्रलेखनाने त्याला दिलेले स्थान यांचा विचार करावयाचा आहे. त्याचबरोबर आजच्या आरोग्यविज्ञानातील प्रबंधलेखनासाठी त्यातून कोणता बोध संभवतो, हेही पाहावयाचे आहे.

पदवीचे ऐतिहासिक स्वरूप

या प्रबंधाचे मूल्यमापन करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १८८६ सालची अमेरिकन एम.डी. आणि आजची भारतीय एम.डी. किंवा पीएच.डी. या एकाच जातीच्या पदव्या नव्हेत. भारतात आज एम.बी.बी.एस. नंतर विशेषज्ञतेसाठी एम.डी. केली जाते आणि पीएच.डी. ही स्वतंत्र संशोधन पदवी आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मात्र एम.डी. ही वैद्यकीय व्यवसायात प्रवेश देणारी पहिली पदवी होती. पदवीपूर्वी एक प्रबंध सादर करण्याची अट अनेक महाविद्यालयांत होती. या प्रबंधातून नवा शोध अपेक्षित नसे. विद्यार्थ्याने एखाद्या विषयाचे वाचन करून तो सुसंगतपणे मांडावा, एवढीच अपेक्षा असे.

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणाला प्रयोगशाळा आणि संशोधन यांची भक्कम जोड मिळाली ती पुढे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले आणि अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील सुप्रसिद्ध अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदीबाईंचे शिक्षण या दोन्ही घटनांच्या आधीचे आहे. त्यामुळे त्यांच्या प्रबंधाला आजच्या पीएच.डी.चे निकष लावून तो उणा ठरविणे जितके अन्यायाचे, तितकेच 'डॉक्टरेट' या शब्दाच्या मोहाने त्याला मूलगामी संशोधन म्हणून गौरविणे अनैतिहासिक आहे. या दोन टोकांच्या मध्ये प्रबंध वाचण्याची योग्य जागा आहे.

त्यांच्या महाविद्यालयाचे वैशिष्ट्यही येथे नोंदविले पाहिजे. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी निर्माण झाली होती. अधिष्ठाता रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या विद्यार्थिनीही तेथे शिकत होत्या. १८८५ मध्ये काढलेले या तिघींचे आपापल्या देशाच्या वेषातील छायाचित्र प्रसिद्ध आहे. परदेशी विद्यार्थिनीने आपल्या देशाविषयी लिहावे, याला अशा वातावरणात साहजिकच उत्तेजन मिळाले असणार. परंतु कोणत्या अंगाने लिहावे, ही निवड विद्यार्थिनीचीच राहते.

विषयनिवड : व्यक्तिगत दुःख आणि वैचारिक भूमिका

आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. वैद्यकीय शिक्षणाच्या त्यांच्या निश्चयामागे ही घटना होती, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय असल्यामुळे या विवेचनाला पुष्टी मिळते, यात शंका नाही. परंतु शीर्षकातील पहिला शब्द या दुःखाने उलगडला, तरी उरलेले शब्द उलगडत नाहीत. केवळ बालमृत्यूच्या वेदनेतून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला प्रसूतीनंतरचा ज्वर, नवजात अर्भकाचे आजार किंवा अडलेली प्रसूती असा एखादा विषय घेता आला असता. आनंदीबाईंनी एका समाजाची प्रसूतिविद्या हा विषय घेतला. येथे मातेच्या दुःखाबरोबर एक वैचारिक भूमिका उभी आहे.

या भूमिकेची पूर्वतयारी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी केलेल्या जाहीर भाषणात दिसते. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार जाहीर केला. त्यांच्या शिक्षणाला साहाय्य करणाऱ्यांमध्ये धर्मनिष्ठ ख्रिस्ती मंडळी होती. हिंदू स्त्रियांच्या दुरवस्थेची वर्णने पाश्चात्त्य वाचकांसमोर सातत्याने येत होती आणि त्यांत सुतिकागृहाचे वर्णन ठळक असे. अशा श्रोतृवर्गासमोर एका ब्राह्मण विद्यार्थिनीने आपल्या परंपरेतही प्रसूतीचे शास्त्र होते, असे दाखविणे हा सांस्कृतिक आत्मसन्मानाचा प्रयत्न होता.

'आर्य' हे विशेषणही त्या काळाचे अपत्य आहे. युरोपीय भाषाशास्त्राने आर्य ही कल्पना प्रचलित केली होती. मुंबईत १८७५ मध्ये आर्य समाजाची स्थापना झाली होती. सुशिक्षित हिंदूंना या शब्दाने एकाच वेळी प्राचीनतेचा वारसा आणि युरोपाशी बरोबरी मिळत होती. आनंदीबाईंनी हा शब्द स्वीकारला, तेव्हा त्याचे बळ त्यांना मिळाले; त्याची मर्यादाही त्यांच्या विषयात शिरली. हिंदुस्थानातील प्रसूतीचा विषय त्यामुळे संस्कृत ग्रंथपरंपरेच्या वर्तुळात बांधला गेला. जातीजातींतील, प्रांताप्रांतांतील बाळंतपणाच्या रीती या शब्दात सामावत नाहीत.

साधने आणि त्यांची मर्यादा

या प्रबंधात आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार घेतलेला आहे. दोन भिन्न ज्ञानपरंपरा एकाच लेखनात समोरासमोर आणणे हे त्या काळच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने धाडसाचे होते. त्याचे महत्त्व समजण्यासाठी दोन्ही बाजूंची तत्कालीन स्थिती लक्षात घेतली पाहिजे.

पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्र तेव्हा मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. बाळंतज्वर वैद्याच्या हातून पसरतो, हे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये आणि इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये सांगितले होते. दोघांनाही प्रस्थापित वैद्यांचा विरोध सहन करावा लागला. जोसेफ लिस्टर यांची जंतुविरोधी शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये बाळंतज्वराचा संबंध विशिष्ट जंतूंशी जोडला. याचा अर्थ, आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा हात धुण्याचे महत्त्व युरोप-अमेरिकेतही नव्यानेच मान्य होत होते. पाश्चात्त्य प्रसूतिगृह म्हणजे प्राचीन काळापासून सुरक्षित जागा आणि हिंदू सुतिकागृह म्हणजे अज्ञानाचे घर, ही तुलना त्या काळाच्या वस्तुस्थितीला धरून नव्हती.

दुसऱ्या बाजूला चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांच्या शारीरस्थानात गर्भाची मासानुमासिक वाढ, गर्भिणीची परिचर्या, सुतिकागाराची रचना व प्रसूतीच्या वेळची व्यवस्था यांचे विवेचन येते. मूढगर्भ, म्हणजे अडलेला गर्भ, या विषयाला सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. हिंदूंमध्ये प्रसूतीविषयी शास्त्रीय विचार नव्हता, हे विधान एवढ्यानेच बाद होते. तथापि ग्रंथात एखादी गोष्ट आहे, एवढ्यावरून ती व्यवहारात होती असे सिद्ध होत नाही. आणि प्राचीन ग्रंथातील एखादा नियम आधुनिक नियमासारखा दिसला, म्हणून दोहोंमागील कारण एक ठरत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. प्रसूतीच्या वेळी गर्भिणीजवळ प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या स्त्रिया असाव्यात, असे सुश्रुतसंहिता सांगते. कापलेली नखे हा तपशील आधुनिक वाचकाला चकित करतो. त्यावरून प्राचीनांना जंतूंचे ज्ञान होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे आजही आवरत नाही. वस्तुतः या वचनातून इतकेच सिद्ध होते की, दीर्घ अनुभवातून एक उपयुक्त नियम तयार झाला होता. जंतूंची कल्पना त्यात नाही. अनुभवजन्य नियमाचा आदर राखूनही त्याला आधुनिक सिद्धांताचा दर्जा न देणे, हीच तौलनिक अभ्यासाची शिस्त होय.

याच वचनात आणखी एक गोष्ट आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. प्रसूतिकर्मात कुशल अशा स्त्रियांचा ग्रंथ उल्लेख करतो, म्हणजे कौशल्य कोणाच्या हातात होते हे तो स्वतःच मान्य करतो. त्या स्त्रिया ग्रंथकर्त्या नव्हत्या. पुढील काळातही गावोगावी बाळंतपणे केली ती सुइणींनी. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा संस्कृत विद्येशी संबंध येण्याची शक्यता समाजव्यवस्थेने ठेवली नव्हती. अशा स्थितीत संस्कृत संहिता आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोन साधनांवर उभारलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष बाळंतपण करणारीचे ज्ञान साधन म्हणून येऊ शकत नाही. ही आनंदीबाईंची व्यक्तिगत चूक नव्हे. फिलाडेल्फियात बसून लिहिणाऱ्या, एकविशीही न गाठलेल्या विद्यार्थिनीला क्षेत्रीय पाहणी शक्य नव्हती आणि त्या काळच्या प्रबंधाकडून ती अपेक्षितही नव्हती. परंतु मर्यादा अपरिहार्य होती, म्हणून ती नोंदवू नये असे नाही. ग्रंथाधिष्ठित आरोग्यसंशोधनाची ही मूलभूत मर्यादा आहे.

चरित्रदृष्टीची चिकित्सा

आनंदीबाईंवरील लेखन विपुल आहे. कॅरोलिन हीली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र त्यांच्या निधनानंतर लगेचच, १८८८ मध्ये, बोस्टन येथे प्रसिद्ध झाले. काशीबाई कानिटकर यांनी मराठीत चरित्र व पत्रे सिद्ध केली. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहिण्याचा तो महत्त्वाचा आरंभ होय. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली. अंजली कीर्तने यांचे 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हे विस्तृत चरित्र १९९७ मधील आहे. मीरा कोसंबी यांनी १९९६ मधील लेखात व नंतर २०२० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आनंदीबाईंच्या खंडित स्त्रीवादी प्रतिमेचा शोध घेतला. २०१९ मध्ये समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला.

या परंपरेत लोकमानसावर सर्वाधिक ठसा उमटला तो कादंबरीचा. तिच्या शीर्षकातच आनंदी आणि गोपाळ ही दोन नावे जोडीने येतात. हट्टी, विक्षिप्त, ध्येयवेडा पती आणि त्याच्या इच्छेतून घडत जाऊन अखेरीस त्याच्याही पुढे गेलेली पत्नी, असे हे दांपत्यनाट्य आहे. कादंबरी म्हणून ही रचना समर्थ आहे आणि कादंबरीकाराने प्रबंधाची चर्चा करावी, अशी अपेक्षा गैरलागू ठरेल. अडचण निर्माण झाली ती कादंबरीची रचना हीच चरित्राची रचना म्हणून स्वीकारली गेल्यामुळे. या रचनेत पदवी हा कथेचा उत्कर्षबिंदू ठरतो आणि पदवीसाठी केलेले लेखन हे त्या बिंदूकडे नेणारी एक पायरी. पायरीवर कोणी थांबत नाही.

कीर्तने यांच्या चरित्राने काळाचा व कर्तृत्वाचा पट रुंदावला आणि कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या स्वतःच्या शब्दांकडे लक्ष वेधले. या दोघींच्या कार्यामुळे पुढील टप्प्याची भूमी तयार झाली आहे. हा पुढील टप्पा म्हणजे आनंदीबाईंना वैद्यकीय विषयावरील लेखिका म्हणून वाचणे. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. आजारामुळे त्या तेथे काम करू शकल्या नाहीत. ज्या स्त्रीला रुग्णसेवेची संधीच मिळाली नाही, तिच्या वैद्यकीय विचाराचा प्रमुख पुरावा म्हणजे तिचा प्रबंधच. तो नष्टही झालेला नाही. महाविद्यालयाचा वारसा पुढे ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला आणि फिलाडेल्फिया येथील त्याच्या अभिलेखागारात हा प्रबंध जतन केलेला आहे. त्याची सटीप मराठी आवृत्ती सिद्ध होणे, संस्कृत आधारांची ओळख पटविणे आणि समकालीन अमेरिकन पाठ्यपुस्तकांशी त्याची तुलना करणे, ही कामे मराठी अभ्यास आणि वैद्यकीय इतिहास या दोन्ही शाखांनी मिळून करण्याजोगी आहेत.

आजच्या प्रबंधलेखनाच्या संदर्भात

न वाचलेला प्रबंध ही केवळ आनंदीबाईंची नियती नाही. महाराष्ट्रात आरोग्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये नाशिक येथे झाली. राज्यातील पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थी दरवर्षी मोठ्या संख्येने प्रबंध सादर करतात. देशभरातही हीच पद्धत आहे. तथापि समिरन नंदी व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ ते २०१४ या दशकात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक संस्थांतून, एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नव्हता. प्रबंध लिहिले जातात, तपासले जातात आणि कपाटात जातात, असाच याचा अर्थ होतो. ज्या रुग्णांनी आपली माहिती, रक्ताचे नमुने आणि वेळ या प्रबंधांसाठी दिला, त्यांच्याप्रती ही मोठी बेपर्वाई आहे. प्रबंधाला वाचक नसणे हा येथे नैतिक प्रश्न बनतो.

दुसरा मुद्दा साधनांचा. सुश्रुताने उल्लेखिलेल्या कुशल स्त्रीला संशोधनात स्थान मिळाल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांत ही पद्धत राबवून ४७ गावांशी तिची तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे काम पदवीसाठी केलेले नव्हते. म्हणूनच पदवीसाठी होणाऱ्या कामाला ते आरसा दाखविते. तेथे प्रश्न गावातून आला, माहिती गावातील स्त्रीने नोंदविली आणि उत्तर तिच्याच हातून अंमलात आले.

जन्मानंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू हा नवजात मृत्यू मानला जातो. आनंदीबाईंचे बाळ दहाव्या दिवशी गेले. त्यांनी निवडलेला विषय आणि गडचिरोलीत हाती घेतलेला प्रश्न यांच्यामध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी मृत्यू त्याच वयाचा आहे. आनंदीबाईंच्या साधनांत ग्रंथ होते आणि महाविद्यालय होते. घरातील बाळंतपणाचा अनुभवही त्यांच्या स्वतःच्या गाठीशी होता. त्या काळच्या प्रबंधाच्या चौकटीत मात्र पहिल्या दोहोंनाच पुरावा म्हणून मान्यता होती.

समारोप

आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचे महत्त्व तो पहिला होता यात शोधण्याची सवय मराठी अभ्यासाने आता सोडावयास हवी. दोन ज्ञानपरंपरा समोरासमोर ठेवण्याचा प्रयत्न म्हणून, परकीय श्रोत्यांपुढे मांडलेला सांस्कृतिक युक्तिवाद म्हणून आणि ग्रंथप्रामाण्याची मर्यादा उघड करणारा दस्तऐवज म्हणून तो वाचनीय आहे. त्यात दोष आढळतील, काही प्रतिपादने आज टिकणार नाहीत. पण अशी परीक्षा होणे हाच कोणत्याही संशोधकाचा खरा सन्मान असतो. हळहळ व्यक्त करून आनंदीबाईंना तो सन्मान देता येणार नाही. त्यासाठी त्यांनी लिहिलेली पाने उघडावी लागतील. आणि जी शिस्त त्यांच्या पानांना लावावयाची, तीच आजच्या आरोग्यविज्ञानातील प्रत्येक प्रबंधाला लावणे क्रमप्राप्त ठरते : तो कोणाच्या अनुभवावर उभा आहे, त्यात कोणाचे ज्ञान नोंदविले गेले नाही आणि लिहून झाल्यावर तो कोणापर्यंत पोहोचला.